नानांना लघवीचा त्रासच नव्हता

आमच्या रावेर तालुक्यात कंबरदुखीला कुणी आजार म्हणत नाही. केळीचे घड खांद्यावर वाहिलेल्या माणसाची कंबर साठीनंतर दुखणारच, असं सगळे धरून चालतात. त्यामुळे माझे मोठे भाऊ नाना पाठ धरून बसायला लागले, तेव्हा कुणालाच त्यात वेगळं काही दिसलं नाही. एका डॉक्टरांनी मणक्यात गॅप सांगितला, पट्टा दिला, इंजेक्शनं दिली. शेक झाला, तेल झालं, सातपुड्याकडच्या कुणा जाणकाराचा पाला बांधून झाला.

नानांचं दुखणं मात्र दिवसापेक्षा रात्री जास्त असायचं. आडवं पडूनही थांबायचं नाही. घडांचं दुखणं निजल्यावर तरी कमी होतं, हे काही कमी होईना. सदरा अंगावर लोंबायला लागला. एक दिवस चालता चालता पायातली चप्पल निसटली आणि ती निसटल्याचं त्यांना कळलंच नाही, तेव्हा पुतण्याने त्यांना गाडीत घातलं आणि थेट जळगाव गाठलं. मणक्याच्या एमआरआयमध्ये गॅप नव्हता, हाडांत पसरलेल्या गाठी होत्या. मग रक्त तपासलं. पीएसए, म्हणजे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, चारशेच्या वर. बायोप्सीत ग्लिसन, म्हणजे कॅन्सर किती उग्र आहे त्याचा आकडा, ४+५=९. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांपर्यंत गेलेला. मज्जारज्जूवर दाब येत होता, म्हणून रेडिएशन लगेच सुरू केलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय कायमचे गेले असते, असं डॉक्टर म्हणाले.

घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘पण नानांना तर लघवीचा काहीच त्रास नव्हता!’ आणि ते खरंच होतं. नाना रात्री एकदाही उठायचे नाहीत. उठायचो मी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, वय ६६. लघवीला उभं राहिलं की आधी वाट बघायची, मग बारीक धार, मग ती तुटायची, आणि बाहेर आलो की पुन्हा गेल्यासारखं वाटायचं. लग्नाला गेलो की मांडवाच्या आधी मोरी कुठे ते बघून ठेवायचो. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे लघवीच्या कोणत्याही तक्रारीला पहिलं उत्तर ठरलेलं असतं : उन्हाळे लागले असतील. सब्जा झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. तिने बरं वाटलं, आणि ती चालूच राहिली.

नानांच्या फाईलमध्ये जळगावचे युरोलॉजिस्ट काही लिहीत होते, तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, ‘भाऊ किती तुम्ही? वडील कशाने गेले?’

भाऊ दोघेच. वडील कशाने गेले, याला आमच्या घरात उत्तर होतं, ‘म्हातारपणाने.’

‘सर, मग आता तुमचंही बघू,’ ते म्हणाले. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना हा कॅन्सर असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. सगळ्यात मोठं कारण वयच. पन्नाशीच्या आत हा आजार क्वचित दिसतो, पुढे तो वयाबरोबर वाढत जातो. त्यात काही घराण्यांत जनुकातला दोष चालत येतो, विशेषतः बीआरसीए-२ नावाच्या जनुकातला. बायकांच्या स्तनांच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरशी जोडलं जाणारं हेच जनुक पुरुषांतही हा खेळ करतं. आईच्या माहेरी कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, असंही त्यांनी विचारलं. प्रोस्टेटचा विषय काढल्यावर मामाच्या घरची चौकशी होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे एक चित्र काढलं. मूत्राशय वर, त्याच्या खाली प्रोस्टेट, आणि त्याच्या मधोमध जाणारी लघवीची नळी. वयाबरोबर फुगतो तो बहुतेक नळीभोवतीचा आतला भाग. तो नळी दाबतो, धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. याचा कॅन्सरशी संबंध नाही. कॅन्सर बहुतेकदा सुरू होतो बाहेरच्या भागात, गुदद्वाराच्या बाजूला, म्हणजे नळीपासून लांब. म्हणून सुरुवातीला तो काहीच जाणवू देत नाही. लघवी अडवण्याइतका किंवा हाडं दुखवण्याइतका वाढेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. लघवीतून किंवा वीर्यातून रक्त दिसलं तर मात्र ताबडतोब दाखवायचं. ते दर वेळी कॅन्सरचं नसतं, पण सोडून द्यायचं नसतं.

एवढं मला आधी कुणी सांगितलं असतं तर, असं म्हणण्यात अर्थ नाही, कारण आमच्याकडे हे कुणी कुणाला सांगतच नाही. पारावर बसून माणसं एकमेकांची शुगर, बीपी, मोतीबिंदू सगळं विचारतात. हा विषय आला की कुणीतरी कापसाचा भाव काढतो.

त्याच दिवशी बोटाची तपासणी झाली. हिच्यामुळे कितीतरी पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाहीत, म्हणून सरळच सांगतो. डाव्या कुशीवर निजायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. डॉक्टर हातमोजा आणि जेल लावून गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटचा मागचा भाग चाचपतात. लाज वाटते, थोडा दाब येतो, लघवी होईलसं वाटतं. पाढा म्हणायला घेतला असता तर पुरा व्हायच्या आत आटोपलं असतं. कॅन्सर जिथे सुरू होतो तोच भाग बोटाला लागतो, म्हणून त्यात काही कडक, गाठीसारखं आहे का, हे ते बघतात. माझी ग्रंथी मोठी होती, पण मऊ आणि सारखी लागली. बोटाला काही लागलं नाही म्हणजे काही नाहीच, असं मात्र समजायचं नाही.

रक्त दुसऱ्या दिवशी दिलं. त्याआधी लघवी तपासून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली. दोन दिवस सायकल चालवायची नाही आणि शरीरसंबंध नको, असंही सांगितलं होतं. संसर्ग, सूज, लघवीसाठी नुकतीच बाहेरून घातलेली नळी (कॅथेटर), नुसती वाढलेली ग्रंथी, यातल्या कशानेही पीएसए वाढतो. हे प्रथिन प्रोस्टेट तयार करतं, कॅन्सर नव्हे. कॅन्सर असला की ते रक्तात जास्त पाझरतं, एवढंच.

रिपोर्ट आला ३.४. शेजारी छापलेलं होतं, ० ते ४ सामान्य. पुतण्याने घरी फोन लावून टाकला, हिने देवापाशी साखर ठेवली, मीही चहा मागवला.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, ‘सर, लघवीची गोळी कोणती चालू आहे? पाकीट आहे का जवळ?’

पाकीट खिशातच होतं. त्या एका गोळीत दोन औषधं होती : एक नळीजवळचे स्नायू सैल करणारं टॅमसुलोसिन आणि दुसरं ग्रंथी आक्रसवणारं ड्युटास्टेराइड. हे दुसरं औषध किंवा त्याचा भाऊ फिनास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो. माझी गोळी तर कितीतरी वर्षांची. म्हणजे ३.४ च्या जागी ६.८ धरायचे. लॅबला माझी गोळी माहीत नव्हती, त्यामुळे ‘सामान्य’ हा शिक्का दुसऱ्याच कुणाचा होता. मी इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण बरोबर आलेल्या उत्तराला दोनने गुणायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

काही आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं, आकडा जवळपास तोच. सोनोग्राफीत ग्रंथी ४८ ग्रॅमची निघाली. तरुणपणी ती २० ते २५ ग्रॅमची असते. ग्रंथी मोठी तर पीएसए थोडा जास्त असणं साहजिक, म्हणून आकड्याला आकारमानाने भागून बघतात. ०.१५ च्या वर गेलं की संशय वाढतो. दुरुस्त आकडा घेऊन माझं उत्तर ०.१४ आलं. अगदी काठावर. एरवी थांबून बघितलं असतं, पण नाना पलीकडच्या खाटेवर होते. एमआरआय करायचं ठरलं.

पूर्वी पीएसए वाढला की थेट सुई घालायचे. आता शक्यतो आधी एमआरआय करतात, म्हणजे काही जणांची बायोप्सी वाचते आणि ज्यांची करायची त्यांची कुठे करायची ते कळतं. रंगाचं इंजेक्शन देतात, म्हणून मूत्रपिंडं नीट चालतात ना ते बघायला आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. यंत्रात टकटक आणि घरघर फार. तंत्रज्ञ पोरगा माइकवरून सारखा सांगत होता, ‘काका, हलू नका.’ संशयाला १ ते ५ असे गुण देतात, त्याला पाय-रॅड्स म्हणतात. मला ४. डाव्या बाजूला, बाहेरच्या भागात, ९ मिलिमीटरचा डाग.

त्या रात्री नानांपाशी बसलो होतो. त्यांना तेव्हा त्यांच्या उपचाराचा निर्णय घ्यायचा होता. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. ते तोडलं की तो मागे हटतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. तोडायचे मार्ग दोन : ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, किंवा छोट्या ऑपरेशनने वृषण काढून टाकायचे. दुसरा मार्ग स्वस्त, एकदाचा, परिणाम तोच. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे गोऱ्ह्याला करतो तसंच ना?’ जन्मभर बैल पाळलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. वहिनी उठून बाहेर गेल्या. नानांनी इंजेक्शन निवडलं. खर्च जास्त होता, तरी पुतण्याने एका शब्दाने वाद घातला नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. डॉक्टर स्वस्त-महाग सांगतात, ते त्यांचं कामच आहे. पण त्या वाक्यानंतर वहिनी बाहेर का गेल्या, ते हिशेबात कुठे धरणार?

बायोप्सीला नाशिकला गेलो. तिथे गुदद्वारातून न जाता अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घालतात. त्यात जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, ते आधीच विचारलं होतं. जागा बधिर केल्यावर दुखणं विशेष नव्हतं. प्रत्येक नमुन्याला सुईची कळ ‘टक्’ वाजते आणि माणूस दचकतो, त्रास त्या दचकण्याचाच. डागातून काही, बाकी ग्रंथीतून ठरलेल्या जागांचे, असे १४ नमुने घेतले. नंतर लघवी लालसर झाली, वीर्य तर बरेच आठवडे तपकिरी होतं. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडकली तर रात्र न घालवता दवाखान्यात या, हेही बजावलं होतं. तसं काही झालं नाही.

रिपोर्टची वाट बघणं हा सगळ्यात वाईट भाग. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मी त्या दिवसांत मृगबागेच्या खोडांना पाणी देत होतो आणि एकच वाफा पुन्हा पुन्हा भरत होतो.

रिपोर्ट : १४ पैकी २ नमुन्यांत कॅन्सर. ग्लिसन ३+३=६, ग्रेड ग्रुप १.

दहापैकी सहा ऐकून पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाले, ‘सर, इथे पासिंग वेगळं आहे. सहाच्या खाली आता कुणाला देतच नाहीत. सहा म्हणजे सगळ्यात मवाळ.’ डोनाल्ड ग्लिसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती बिघडली, त्याचे दोन आकडे मिळवून बेरीज करतात. गंमत म्हणजे ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज सात असली तरी दुसरी जास्त वाईट. गणिताच्या मास्तरला हे पचायला जड गेलं, पण कारण समजल्यावर पटलं : पहिला आकडा जास्त भागाचा असतो.

यानंतर जे सांगितलं त्याला मी मुळीच तयार नव्हतो. ‘सध्या काही करायचं नाही. लक्ष ठेवायचं.’ दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा बोटाची तपासणी, वर्षभराने पुन्हा एमआरआय आणि बायोप्सी. आकडा किंवा ग्रेड चढला तर उपचार, तोपर्यंत नाही.

पुण्याचा मुलगा ऐकायला तयार नव्हता. ‘पप्पा, कॅन्सर आहे ना? मग काढून टाका ना! रोबोटने करतात आता.’ नानांची पाठ त्याने पाहिली होती, त्याची भीती मला कळत होती. त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासाविषयी सांगितलं. पीएसएवरून कॅन्सर सापडलेल्या १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले : ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच. लक्ष ठेवलेल्यांत आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, हेही त्यांनी लपवलं नाही. पण ऑपरेशनवाल्यांत लघवी गळण्याचा आणि ताठरता जाण्याचा त्रास जास्त होता. मुलासमोर हे दोन शब्द ऐकताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. मुलगाही तिकडेच बघत होता.

‘पण काकांचं तर हाडात गेलं,’ तो शेवटी म्हणाला. प्रश्न योग्य होता. नानांचा नऊ आणि माझा सहा, हे एकाच नावाचे दोन फार वेगळे आजार, पण घराण्यात जनुकाचा दोष असेल तर नुसतं लक्ष ठेवण्याचा विचार बदलावा लागतो. म्हणून आधी नानांचं रक्त जनुकतपासणीला पाठवलं. जो जास्त आजारी त्याचं आधी, म्हणजे दोष असलाच तर सापडण्याची शक्यता जास्त. बीआरसीएत काही निघालं नाही. त्यानंतर मुलगा गप्प झाला, पूर्ण पटलं म्हणून नव्हे, पण झाला.

गावात सांगायचं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. मी सांगून टाकलं. मग सल्ले सुरू झाले. गोमूत्र, पपईचा पाला, कुठल्याशा गावचा वैदू. ‘कॅन्सर आहे अन् औषध नाही? काबरं? डॉक्टर बदल ना भो,’ हे तर रोजचं. सुरुवातीला मी ग्लिसन समजावत बसायचो. हिने एकदा दटावलं, ‘रोग कळला ते बरं झालं, पण रोज उठून त्याची आरती कशाला?’ तेव्हापासून मी एवढंच सांगतो की उपचार चालू आहे, तारीख जवळ आहे.

हिवाळ्यात शेतावर भरीत-पुरीचा बेत होता. वांगी भाजेपर्यंत जुने मित्र शेकत बसले होते. एकाने हळूच विचारलं, ‘आम्ही पण ती पीएसए करून घ्यावी का?’ मग बाकीचेही सरकून जवळ आले. मी मास्तर असलो तरी डॉक्टर नाही. मला जे सांगितलं गेलं ते सांगितलं. सरसकट सगळ्यांनी करावी अशी ही तपासणी नाही. आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या कॅन्सरसाठी विचारपूस करतात, त्या यादीत प्रोस्टेट नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०१८ मध्ये म्हटलं की ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, आणि सत्तरीनंतर नुसती चाळणी म्हणून करू नये. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याने पंचेचाळिशीपासूनच डॉक्टरांकडे विषय काढावा. तक्रार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वय बघायचं नाही.

सत्तरीवाली अट सांगितल्यावर एकजण चिडला, ‘म्हणजे म्हाताऱ्याने मरावं का?’ तसं नाही. तालुक्यात झालेल्या एका शिबिरात ऐंशी ओलांडलेल्या आमच्या शेजाऱ्याचंही रक्त घेतलं, आकडा थोडा वर आला आणि कागद हातात देऊन शिबिरवाले निघून गेले. आजोबांचं जेवण सुटलं. या वयात कितीतरी पुरुषांत असा संथ कॅन्सर असतो आणि ते दुसऱ्याच कशाने तरी जातात. आकडा काढणाऱ्याने पुढचं सांगायला थांबायला हवं, नाहीतर काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. याउलट पाठदुखी रात्री जास्त, विश्रांतीने न थांबणारी, वजन उतरत चाललेलं, असा सत्तरीचा माणूस समोर असेल तर त्याचा पीएसए कुणीतरी मागायलाच हवा. नानांचा वर्षभर कुणी मागितला नाही.

नाना आता काठी घेऊन बांधापर्यंत जातात. त्यांचा पीएसए एकच्या खाली आला आहे. इंजेक्शनामुळे अंगातून एकदम वाफा निघतात, थकवा असतो, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे. माझी लघवीची तक्रार जिथल्या तिथे आहे आणि गोळीही तीच. फक्त दर वेळी लॅबच्या कागदावर मी पेनाने गोळीचं नाव लिहून देतो.

पुढच्या तारखेला पुतण्यालाही बरोबर नेलं. तो ४५ चा झाला, वडील आणि काका दोघांना आजार, म्हणजे त्याला सुट्टी नाही. आकडा ०.४ आला आणि तो खूश झाला. डॉक्टरांनी विचारलं, ‘लघवीची काही गोळी?’ नाही. ‘दुसरी कसली?’ पुतण्याने माझ्याकडे बघितलं, मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाला, ‘केसांसाठी एक घेतो. दीडेक वर्ष झालं.’ डॉक्टरांनी हात पुढे केला. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, फिनास्टेराइड, १ मिलिग्रॅम. त्यांनी फाईलवर ०.४ च्या पुढे बाण काढून ०.८ लिहिलं, हेही चांगलंच आहे म्हणाले, आणि टकलाविषयी काहीच बोलले नाहीत.